अठाईतल्या गोळ्या

नारायणगाव, ७ जुलै २०२५

भैया,

तुझ्याआधी हे पत्र उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. यात औषधाखेरीज फारसं काही नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. घरी न पाठवता मेडिकलच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. दोन वर्षांतलं पहिलं पत्र आणि सहाच ओळी, त्यातल्या दोन गोळ्यांच्या नावांच्या. नावं अचूक उतरवली आहेस. आमच्याकडे चिठ्ठ्या आणणारे शिकलेले लोकही इतकं नीट लिहीत नाहीत.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. तुरुंगात सगळ्यांची रक्ततपासणी झाली, तुला हिपॅटायटिस सी निघाला, दुसऱ्या तपासणीतही तेच आलं. आता रोज दोन गोळ्या, बारा आठवडे. आणि बराकीतले लोक म्हणतात, कैद्यांवर नवी औषधं करून बघतात, घेऊ नका. म्हणून तू विचारतोस, घेऊ का.

मी लगेच ‘हो, घे’ लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला. तू मला औषधांतली म्हणून विचारलंस, बहीण म्हणून नव्हे, तर मग तपासूनच लिहायला हवं. पुस्तकं काढली, कॉलेजच्या सरांना फोन केला. त्यांना म्हटलं, एका पेशंटचं विचारायचंय.

तर ऐक. या गोळ्या नव्या नाहीत आणि प्रयोगाच्या नाहीत. बाहेरच्या लोकांना सरकारी दवाखान्यात याच मिळतात, फुकट मिळतात. हा आजार रक्तात गप्प बसून राहतो. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, आणि आतल्या आत यकृत खराब होत जातं. तुला काही होत नाही म्हणून तुला काही झालेलं नाही, असं समजू नकोस. कोर्स पूर्ण केला तर शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे होतात. कायमचे. उरलेल्या पाचांचं मी मुद्दाम विचारलं. त्यांना दुसरी औषधं देतात.

गोळी जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, फरक पडत नाही. चुकवायची मात्र नाही. एवढी एकच गोष्ट माणसाच्या हातात आहे, बाकी सगळं औषध करतं.

कसा झाला ते विचारणार नाही. (कोणाच्या सुईनं गोंदवून घेतलंस का? एकाच ब्लेडनं दाढी? उत्तर देऊ नकोस. मी विचारलेलं नाही.)

घरी सांगू नकोस म्हणतोस. नाही सांगणार. मला खोटं बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही, पण न विचारलेलं न सांगणं मला जमतं.

सिद्धी


२ ऑगस्ट २०२५

भैया,

गेल्या शनिवारी तुझा फोन येऊन गेल्यावर मम्मी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “जिनेशनं व्यायाम चालू केलाय. चौदा तारखेपासून. सिद्धीला सांग म्हणाला. तुला कशाला गं सांग म्हणाला?” मी म्हटलं, मीच मागे म्हटलं होतं की अंग हलवत राहावं. हे खोटं झालं का, ते अजून ठरत नाहीये. पण चौदा तारीख कळली. म्हणजे पाच ऑक्टोबरला बारा आठवडे पूर्ण.

मी फोन घेतला की तू ठेवून देतोस. ठीक आहे. अपघाताच्या वेळी गाडी आपला ड्रायव्हर सावळेराम चालवत होता असं पप्पांनी सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं. सावळेरामही तयार झाला होता. आणि मी कोर्टात उभं राहून सांगितलं की ड्रायव्हर नव्हताच गाडीत, भैया चालवत होता, आणि तो प्यायलेला होता. तू आत गेलास. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

परवा दादाजींची फार आठवण झाली. दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, म्हणून तिसरीपर्यंतचं सगळं त्यांनी दुकानातच शिकवलं. अक्षरं पोत्यांवरच्या छापातून, हिशेब तागडीवर. तू शाळेतून आलास की आपल्या दोघांना गादीपाशी बसवून संध्याकाळी विचारायचे, “बोला, आज काय चुकलं?” तू रोज नवीन पाप तयार करून आणायचास. एकदा म्हणालास, मी मुंगीला शिवी दिली. दादाजी धरमचंद शेठ, ज्यांना बाजारात कोणी हसताना पाहिलं नव्हतं, ते उपरणं तोंडाला लावून हसले. आणि मी खरंखुरं काहीतरी सांगायची आणि रडायची. मला वाटायचं मी तुझ्याहून चांगली. आता वाटतं, तुला निदान मुंगी दिसली होती.

घरचं सांगायचं तर, यंदा पर्युषणात मम्मी अठाई करणार आहे. आठही दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. मागे कधी तिनं तीनच्या वर उपवास केले नाहीत. पप्पा नको म्हणतात, तिला पित्त होतं. पण ती म्हणते, “माझ्या लेकाच्या नावानं करते. त्याच्या वाटचं कर्म माझ्या अंगावर झडू दे.” पप्पांनी गोड सोडलंय. मी काय सोडलं ते सांगण्यासारखं नाही. तू आमच्यात नाहीस असं समजू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

सिद्धी


२४ ऑगस्ट २०२५, रविवार

भैया,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तिकडे तपासून तुझ्या हाती पडायला आठवडा जातो. उद्या सोबत घेऊन येते. तू भेटायला नकार दिलास तर गेटवर देईन, मग पुढचं पुढे. लिहिलं नाही तर मला जे बोलायचं ते तिथं सुचणार नाही, म्हणून लिहिते.

काल तुझा फोन आला तेव्हा मम्मीचा चौथा दिवस होता. ती बाजेवर पडून होती म्हणून मीच फोन स्पीकरवर लावून तिच्या उशाशी ठेवला आणि गप्प उभी राहिले. तू विचारलंस, “कसं चाललंय?” ती म्हणाली, साता आहे, बरी आहे मी, तुझं बोल. आणि तू म्हणालास, “माझापण आज चौथा, मम्मी. मीपण अठाई करतोय.”

ती उठून बसली. दोन दिवस जिला कुशीवर वळायला हात द्यावा लागत होता, ती. रडत रडत तुला पचखाणाचा, उपवासाच्या संकल्पाचा, पाठ म्हणून दाखवायला लागली, आणि तू तिच्यामागे एकेक शब्द म्हणत होतास, आणि मी कपाटाला टेकून उभी. तू नुसतंच पाणी पीत असशील. म्हणजे गोळी नाही. चार दिवस नाही.

मी ओरडायला हवं होतं. घरी सांगायचं नाही असं कबूल केलंय म्हणून नाही ओरडले. फोन ठेवल्यावर मम्मी म्हणाली, “बघ. सगळे म्हणत होते पोरगं हातातून गेलं.” तिनं लगेच पप्पांना दुकानात फोन केला. पप्पा नुसते हं हं करत राहिले म्हणे.

हे माझ्यामुळे झालं. मम्मीच्या अठाईचं मीच लिहिलं, आणि वर लिहिलं की तू आमच्यात नाहीस असं समजू नकोस. ते मी तुझ्यासाठी लिहिलंय असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तू मला चांगलं म्हणावंस म्हणून लिहिलं.

सरांना पुन्हा फोन केला. म्हणाले, आठवडाभराच्या आतला खंड असेल तर लगेच सुरू करावं, बहुतेक निभावतं. आठवडा उलटला तर त्यांनाही खात्री देता येत नाही. आज पाचवा दिवस. अठाई बुधवारी पुरी होते, पारणं गुरुवारी. तोवर थांबून चालणार नाही.

मग जैन स्थानकात गेले. व्याख्यान संपून बायका पांगेपर्यंत थांबले आणि साध्वी महासतीजींना विचारलं, उपवासात एखाद्यानं मोठ्या आजाराची गोळी घेतली तर पचखाण मोडतं का. त्यांनी विचारलं, आजारी कोण? म्हटलं, घरातलं माणूस आहे. नाव त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, “बेटा, पचखाण घेतानाच त्यात आगार असतात. आगार म्हणजे सूट. चुकून तोंडात काही गेलं तर सूट, आणि आजारात जीव शांत राहावा म्हणून औषध घेतलं तर सूट. ती नंतर मागायची नसते. पाठातच आहे, रोज म्हणता तुम्ही.”

रोज म्हणते मी, भैया. वयाच्या पाचव्या वर्षापासून पाठ आहे. अर्थ कधी पाहिला नाही. कालसुद्धा मम्मीनं तो शब्द म्हटला आणि तिच्यामागे तू म्हटलास. तिकडे फोनपाशी तू, इकडे ती, मध्ये औषधांचं शिकलेली मी, आणि तिघांनाही कळलं नाही की आपण काय म्हणतोय.

उकळलेल्या पाण्याबरोबर घे. उपवास राहतो. मी विचारून आले आहे.

सिद्धी


२५ ऑगस्ट, सोमवार, परतीच्या वाटेवर

भैया,

चाकणच्या स्टँडवर बसले आहे. नारायणगावची गाडी यायचीय. घरी मेडिकलच्या कामाला जाते म्हणून सांगितलं होतं. आता हे एक सरळ सरळ खोटं झालं.

सकाळी नारायणगावच्या चौकात बस भरून गेली आणि मी रडकुंडीला आले, तर टोमॅटोच्या पिकअपमधून सावळेरामनं हाक मारली. आता तो आळ्याच्या एका बागायतदाराची गाडी चालवतो. चाकणपर्यंत त्यानं आणलं. कुठं निघाले ते त्याला सांगितलं. मग म्हणाला, “ताई, तुमी तवा बोलला नसता तर आज तिथं मी असतो आन् माझी पोरं कुणाच्या दारात असती. पर मीबी व्हय म्हनलोच व्हतो ना. धाकल्या शेटला सांगा, सावळ्याच्या मनात काय न्हाई.” उतरताना म्हणाला, “आन् लई वाळू नका म्हनावं. हाटेलातलं खानारा मानूस त्यो.”

तुला हे तिथं सांगायचं राहून गेलं.

तू भेटायला येशील असं वाटलं नव्हतं. काचेपलीकडे कोणीतरी येऊन बसलं आणि मी दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ समजून बाजूला पाहत राहिले. तू काचेवर बोट वाजवलंस. इतका बारीक झालायस.

झालेलं सगळं लिहून ठेवते, नाहीतर घरी पोचेपर्यंत मी ते माझ्या सोयीनं आठवायला लागेन.

तू रिसीव्हरमध्ये म्हणालास, “मम्मी ठीक आहे?” मी म्हटलं, तिचा सहावा. तू म्हणालास, “माझापण.” मी गोळ्यांचं विचारलं. तू खिशातून रुमाल काढलास, गाठ सोडलीस आणि काचेला लावून दाखवलास. सहा दिवसांच्या गोळ्या, ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. कंपाउंडर समोर उभा राहतो, म्हणून जिभेखाली धरायची, तो पुढे सरकला की रुमालात. “फेकवत नाहीत,” म्हणालास. “पारण्यानंतर सगळ्या एकदम घेणार होतो.”

मी म्हटलं, एकदम घ्यायच्या नसतात. मग महासतीजींचं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि हसलास. “म्हणजे सूट होतीच. आणि मी सहा दिवस कडू तोंड घेऊन बसलोय.” मला वाटलं झालं, काम झालं. पण मला तेवढ्यावर थांबता येत नाही. मी म्हटलं, आजच डॉक्टरांना सांग. सहा दिवस घेतल्या नाहीत म्हणून सांग.

तुझा चेहरा बदलला. “कंपाउंडर रोज वहीत लिहितो की गिळली. चांगला माणूस आहे, नाव घेऊन बोलतो. त्याचं काय होईल? आणि गोळ्या लपवल्या म्हणून माझा कोर्सच बंद केला तर? उद्यापासून घेतो ना गपचूप. कोणाला कळतंय?”

मी म्हटलं, तुझं काय करतील मला माहीत नाही. पण वहीत चौऱ्याऐंशी दिवस आणि पोटात अठ्ठ्याहत्तर असं झालं, आणि पुढच्या तपासणीत आजार उरलेला निघाला, तर ते समजतील औषध लागू पडलं नाही. का लागू पडलं नाही ते फक्त तुला माहीत असेल.

“म्हणजे परत खरं बोलायचं.”

“हो.”

“तुझ्या सांगण्यावरून.”

“हो.”

तू रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतलास. मग अगदी हळू म्हणालास, “कोर्टात तू सगळं सांगितलंस, सिद्धी? सगळं?”

मी रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळत राहिले. वेळ संपली म्हणून शिपाई आले. तू उठलास. डॉक्टरांना सांगशील की नाही ते न सांगताच गेलास.

गाडी आली.


२७ ऑगस्ट २०२५, संवत्सरी

भैया,

आज दुकानातून नेहमीप्रमाणे सगळ्या व्यापाऱ्यांना क्षमापनेचे मेसेज गेले. हात जोडलेलं चित्र, खाली ‘मिच्छामि दुक्कडम्, जाणता अजाणता मन दुखावलं असल्यास’. माझ्या फोनवर असे दीडशे आले. मीही पाठवले. तुझ्यासाठी हे वेगळं लिहिते. वाचणाऱ्या साहेबांनी हेही वाचावं. त्यांनी ते पुढे कोणाला दाखवलं आणि मला बोलावलं, तर मी येईन.

सगळं सांगितलं नव्हतं.

गाडीची चावी माझ्या पर्समध्ये होती. आळ्याच्या लग्नाला जाताना सावळेरामनं गाडी लावली आणि चावी माझ्याकडे दिली, कारण तुझ्या मित्रांसोबत तू मंडपामागे गेलास ते त्यानं पाहिलं होतं. का दिली ते मला कळलं होतं. जेवणात कांदा-बटाटा होता, मी काही खाल्लं नव्हतं. सकाळपासून उपाशी होते. ऊन उतरायला लागलं, आणि मला एकच दिसत होतं, सूर्य मावळायच्या आत घरी पोचले नाही तर आज पाणीसुद्धा नाही. सावळेराम पंगतीत बसला होता. अर्ध्या तासात उठला असता. तू आलास, हात पुढे केलास, म्हणालास, चल, सोडतो तुला. तुझ्या तोंडाला वास येत होता. मी चावी दिली. आणि बसल्यावर म्हणाले, जरा जोरात घे.

मी म्हणाले होते, भैया. जरा जोरात घे.

पुढे कुशाबा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते. ते तिथंच गेले.

कोर्टात मला विचारलं, गाडी कोण चालवत होतं. विचारलं, त्यानं मद्य घेतलं होतं का. चावी कोणी दिली ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. खाली आल्यावर लोक म्हणाले, पोरगी खरी आहे, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. ते मी ऐकून घेतलं. दोन वर्षं ऐकून घेतेय. तू वकिलाला सांगू शकला असतास. तूही सांगितलं नाहीस. मला वाटायचं, मी खरं बोलले म्हणून तुला राग आहे. परवा काचेपाशी कळलं की राग कशाचा आहे.

कुशाबांची बायको साळुबाई बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. मला ओळखतात. परवा म्हणाल्या, “तुझ्यावानी पोर पायजे.” उद्या दुकान उघडलं की आधी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या दार लावून घेतील. लावू देत.

आणखी एक. मम्मीला सांगितलं. तुला दिलेलं वचन मोडलं. महासंघाच्या लोकांनी पारण्याच्या कार्यक्रमात तपस्वींची नावं वाचायची ठरवली आणि मम्मीनं तुझं नाव दिलं, ‘चि. जिनेश, अठाई’. तू सोमवारनंतर गोळी घेतली असशील तर सूट आहे आणि नाव बरोबर आहे. पण घेतलीस की नाही ते मला माहीत नाही, आणि ती त्या नावावर किती मोठा डोलारा उभा करतेय ते दिसत होतं. संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेआधी तिच्या बाजेशी बसले आणि आजाराचं सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं. तिनं डोळे मिटूनच विचारलं, “औषध आहे ना त्याच्यावर?” म्हटलं आहे. “मग त्याला म्हणावं अठाई माझी मी करते. त्यानं गोळी खावी.” थोड्या वेळानं म्हणाली, “नाव मी काढून घेते. तू जाऊ नको, तुला बोलता येत नाही.”

तू क्षमा कर असं लिहिणार होते. ते मागणं आज फार सोपं वाटतंय, म्हणून नाही लिहीत.

सिद्धी


१८ ऑक्टोबर २०२५

भैया,

तुझं कार्ड मिळालं. ‘डॉक्टरांना सांगितलं. कंपाउंडरला काही झालं नाही, आता तो तोंड उघडून दाखव म्हणतो. सहा दिवस वाढवले. अकराला संपलं.’ एवढंच. बाकी पत्रात मी काय लिहिलं होतं त्याबद्दल अक्षर नाही. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

साळुबाईंनी दार लावलं नाही. बसायला सांगितलं, सगळं ऐकलं, आणि उठून आत गेल्या. बाहेर आल्याच नाहीत. मी तासभर बसून परत आले. आता त्या गोळ्या दुसऱ्या दुकानातून नेतात. सुनेला रस्त्यात विचारलं, चुकवत नाहीत ना? ती म्हणाली, “न्हाई चुकवत. तुमी इचारू नका.”

बरा झालास की नाही ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून कळतं. म्हणजे जानेवारी. तोवर कोणी कितीही विचारलं तरी कोणाला काही सांगता येत नाही, आणि मी मात्र सरांना दर आठवड्याला फोन करते. परवा ते म्हणाले, “सिद्धी, तो पेशंट तुझा कोण आहे?” मी म्हटलं, भाऊ.

सिद्धी


१८ जानेवारी २०२६

भैया,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. चार पानं. पहिल्या पानाची पहिली ओळ वाचली, ‘रक्तात विषाणू सापडला नाही’, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना मी खाली बसले. खोकल्याचं औषध मागणारे आजोबा वाकून म्हणाले, “काय गं, चक्कर आली का?”

मम्मीला फोनवर वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

दुसऱ्या पानावरचंही वाचलं. ‘चावी तू दिलीस, पण मागितली मी. वकील विचारत होता, मीच म्हटलं चावी गाडीलाच होती. तुला त्यात ओढायचं नव्हतं. नंतर तू उभी राहून बोललीस तेव्हा वाटलं, हिनं एवढं तरी सांगावं. नाही सांगितलंस. म्हणून बोलत नव्हतो. आता सांगितलंस.’ याच्यापुढे तू एकदम बराकीतल्या लोकांच्या प्रश्नांवर गेलास. मीही जाते.

आता पुन्हा तपासणी आहे आणि लोक रक्त द्यायला तयार नाहीत म्हणतोस. उत्तरं लिहून पाठव, वाचून दाखवतो म्हणालास. तर लिहिते, मोठ्यानं वाच.

एका ताटात जेवल्यानं होत नाही. एकाच नळाचं पाणी प्यायल्यानं होत नाही. खोकल्यानं, शिंकेनं, डास चावल्यानं होत नाही. एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. म्हणून सुई, ब्लेड, गोंदवायचं सामान एकमेकांचं वापरू नका. एकदा बरं झाल्यावर पुन्हा होऊ शकतो का, हे ज्यांनी विचारलं त्यांना सांग, हो, होऊ शकतो. बरं होणं म्हणजे कवच मिळणं नाही. शिक्षा वाढते का? नाही. रामनाथ म्हणतात की मध्येच सुटका झाली तर गोळ्यांचं काय. त्यांनी सुटायच्या आधी दवाखान्यातून कागद मागून घ्यावा आणि बाहेर आल्यावर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवावा. नारायणगाव-जुन्नरकडचे असतील तर माझ्याकडे यावं, मी सोबत जाईन.

राहिला गेणभाऊंचा प्रश्न. साठीचा माणूस, नात झालीय आणि अजून पाहिली नाही. ते म्हणतात, तपासणीत निघालंच, तर घरी सांगावं लागेल, आणि मग कोणी ती पोर मांडीवर देणार नाही. त्यापेक्षा न तपासलेलं बरं. आणि निघालं, तर घरी सांगावं की नाही?

याचं उत्तर मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, सांगावंच. दुसऱ्यांदा लिहिलं, कोर्स झाल्यावर सांगावं. तिसऱ्यांदा लिहिलं, त्यांची मर्जी. तिन्ही कागद फाडले. एकेकाळी मला याचं उत्तर झोपेतही देता आलं असतं. आता येत नाही. मी सांगितलं म्हणून काय काय झालं आणि सांगितलं नाही म्हणून काय काय झालं, दोन्ही मला माहीत आहे, आणि त्यातून गेणभाऊंसाठी नियम निघत नाही. हे उत्तर तू दे. लिहून नको, शेजारी बसून दे. तुझं घरी कळल्यावर काय झालं तेही सांग.

नातीचं मात्र मला ठाम माहीत आहे. मांडीवर घेतल्यानं तिला काहीही होणार नाही.

रक्त २९ तारखेच्या गुरुवारी घेणार आहेत म्हणतोस, आणि सुई पाहिली की गेणभाऊंचा हात थरथरतो. तेव्हा त्यांचा दुसरा हात कोणीतरी धरायला लागेल. हात धरल्यानं हा आजार कोणाला होत नाही, हे त्यांना सांग. आणि धर.

सिद्धी